गाडी देते, इंजिन खातं : पन्हाळ्याच्या चढावरून ॲव्हरेजचा इतिहास

'ॲव्हरेज' हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला, पण त्याला अर्थ मात्र आपला दिला. इंग्रजीत ॲव्हरेज म्हणजे नुसती सरासरी, कशाचीही. आपल्याकडे ॲव्हरेज म्हटलं की एकच गोष्ट समोर येते : एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. सोयरिकीला गेलेला माणूस दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बघून हाच प्रश्न विचारतो, पेट्रोल पंपावर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही हाच विचारतो. आमच्या कोल्हापूरकडे तर तो आणखी छोटा होतो. "काय देती गाडी?"

या वाक्यातलं क्रियापद बघा. गाडी 'देते'. गाय दूध देते, जमीन पीक देते, तशी गाडी ॲव्हरेज देते. पण हाच माणूस नदीकाठच्या पाण्याच्या इंजिनाबद्दल बोलताना म्हणतो, "तासाला किती तेल खातंय?" मोटारसायकल देते, इंजिन खातं. दोन्हीच्या पोटात तेच होतं, इंधन जळतं आणि लोखंड फिरतं. तरी भाषेनं दोघांना वेगळ्या खात्यात घातलं आहे. मला वाटतं, आपल्याकडे कमी इंधनात जास्त पळणाऱ्या गाडीची मागणी कशी तयार झाली याचा अर्धा इतिहास या दोन क्रियापदांत आहे.

तो इतिहास मी पन्हाळ्यावरून सांगणार आहे. माझं गाव याच तालुक्यातलं आहे, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : इथला चढ खोटं बोलू देत नाही.

चढाचं गणित

कोल्हापूरहून रत्नागिरी रस्त्यानं निघालं की वाघबीळपाशी पन्हाळ्याचा फाटा लागतो. कोल्हापूर ते पन्हाळा अंतर साधारण वीस किलोमीटर. गड समुद्रसपाटीपासून ९७७ मीटरवर आहे आणि भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच. म्हणजे गडावर जाणारी प्रत्येक गाडी स्वतःचं वजन, माणसांचं वजन आणि सामान ४०० मीटर उचलते. याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानं होतो.

स्कूटर आणि तिच्यावरची दोन माणसं मिळून २५० किलो धरू. एवढं वजन ४०० मीटर उचलायला सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण छोटं इंजिन तिच्यातला फार तर पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून निघून जाते. म्हणजे निव्वळ उंची चढायला दीडशे मिलिलिटर पेट्रोल. रस्ता कापायला लागणारं वेगळं.

आता बाकीची वाहनं त्याच तराजूत घालू. पन्नास प्रवाशांनी भरलेली १४ टनांची एसटी असेल, तर उंचीपोटी साडेचार लिटरच्या आसपास डिझेल जातं. आकडा मोठा वाटतो, पण पन्नास जणांत वाटला की माणशी नव्वद मिलिलिटर. स्कूटरवरच्या दोघांना माणशी पंचाहत्तर. आणि चालकासह १७०० किलो वजनाची पेट्रोल एसयूव्ही एकटा माणूस गडावर घेऊन आला, तर त्या एकट्याचे आठशे मिलिलिटर. चढ तोच, उंची तीच. माणसाला वर नेताना त्याच्याबरोबर किती लोखंड उचलावं लागतं, एवढाच फरक.

हे आकडे ढोबळ आहेत, रस्ता आणि चालक यांनी ते इकडे-तिकडे होतील. पण चित्र बदलणार नाही.

वैरण हेच इंधन

मोटार येण्याआधी हा चढ कोण चढत होतं? माणसं, घोडी आणि बैल. गडावरचा अंबरखाना बघितला असेल तर गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्यांच्या भिंतींची जाडी आठवत असेल. त्या कोठ्यांतला दाणा न दाणा कुणाच्या तरी पाठीवरून वर आला. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला तेव्हा गड तगला तो या साठ्याच्या जिवावर.

त्या काळातही इंधनाचा हिशेब होता, फक्त त्याचं नाव वैरण होतं. दख्खनमध्ये लांब पल्ल्याची धान्यवाहतूक करणारे वंजारी आणि लमाण हजारो बैलांचे तांडे घेऊन फिरत. त्यांची वाहतूक स्वस्त पडे, कारण बैल वाटेतल्या गवतावर चरत जात; वैरण बरोबर वाहावी लागत नसे आणि विकतही घ्यावी लागत नसे. याउलट दुष्काळात गवत वाळलं की जिथं धान्य सर्वांत जास्त हवं तिथंच तांडा पोचत नसे. कमी इंधनात जास्त वाहतूक ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या आधी भूगोलाशी आणि पावसाशी बांधलेली होती.

पुढे १७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापूरला उतरली. त्यामागं राजकारण होतं, सोय होती. पण राजधानी सपाटीवर आली की रोजचं धान्य, सरपण, माणसं हे सगळं ४०० मीटर उचलायचं काम थांबतं, हेही खरंच.

नदीकाठचं इंजिन

आपल्याकडच्या सामान्य माणसाची इंधनाच्या हिशेबाशी पहिली गाठ मोटारीत पडली नाही. मोटार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानिकांची आणि मोजक्या श्रीमंतांची होती. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याच्या शाही मिरवणुकीत निघते. ती बघताना ॲव्हरेज विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं, कुपनं आली, आणि देशभर लॉऱ्या-बसना कोळशावरचे गॅस प्लांट जोडले गेले. मागं भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा, त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन. चढ आला की अशी गाडी दम टाकायची, कारण या गॅसवर इंजिनाची ताकद पेट्रोलच्या मानानं बरीच कमी होते. पण हा टंचाईचा इलाज होता. युद्ध संपल्यावर भट्ट्या गेल्या.

खरी गाठ पडली ती ऑइल इंजिनाशी. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं तीसच्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि वर्कशॉपांनी या धंद्यात नाव काढलं. पंचगंगा, कासारी, वारणा यांच्या काठावर पाणी उपसायची इंजिनं बसली आणि ऊस वाढला.

इथं 'खातं' हे क्रियापद जन्माला आलं असावं, असा माझा अंदाज. इंजिन जागेवर उभं असतं, कुठं जात नाही. शेतकऱ्याला दिसतं ते एवढंच की डबा रिकामा होतो आहे. तासाला किती तेल गेलं आणि तेवढ्या वेळात किती सऱ्या भिजल्या, हा त्याचा हिशेब. त्यात एक मजेशीर गोष्ट पुढे लक्षात आली : तेल खाण्यात इंजिनाइतकाच वाटा पाइपाचा आणि फूट व्हॉल्व्हचा असतो. अरुंद पाइप, नको तितकी वळणं, चोंदलेला व्हॉल्व्ह यांना पाणी ढकलण्यातच डिझेल जातं. १९७८ मध्ये केंद्र सरकारनं इंधनबचतीसाठी स्थापन केलेल्या पीसीआरए या संस्थेनं शेतीपंपांचे फूट व्हॉल्व्ह आणि पाइप बदलण्यावर भर दिला तो यामुळेच.

रस्त्यावरचं पहिलं मोठं स्थित्यंतरही डिझेलचंच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५४ मध्ये टेल्कोनं डाइम्लर-बेन्झबरोबर करार करून डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली आणि मग दोन-तीन दशकांत अवजड वाहनांतून पेट्रोल जवळजवळ हद्दपार झालं. डिझेल इंजिनात हवा फार जास्त दाबली जाते, म्हणून त्याच थेंबातून जास्त काम निघतं. एसटीत आजही हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर असा मांडतात. हजारो गाड्यांच्या ताफ्यात दशांशाच्या पलीकडचा फरकही महिन्याच्या बिलात लाखांत दिसतो.

१९७३

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. त्याच नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. फोटो गाजला. पण खेड्यात त्या फोटोचं फारसं अप्रूप नसणार. आमच्याकडे ऊस बैलगाडीनंच कारखान्याला जात होता.

या धक्क्यानंतर देशात दोन वेगळ्या वाटा निघाल्या, आणि त्या वाहनाच्या प्रकारावर ठरल्या.

पहिली वाट जीप आणि टॅक्सीवाल्यांची. सरकारनं डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला होता, कारण ट्रक, एसटी आणि शेती त्यावर चालत होती. साहजिकच जीप-टॅक्सीचे मालक पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवू लागले. गावोगावचे मिस्त्री ही शस्त्रक्रिया करत. कंपन्या मागाहून जाग्या झाल्या : सत्तरच्या दशकाच्या शेवटी अँबेसडर डिझेलमध्ये आली, ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपना प्यूजोचं डिझेल इंजिन मिळालं. गिऱ्हाइकाची मागणी आधी मिस्त्रीच्या गॅरेजात दिसली, शोरूममध्ये नंतर.

दुसरी वाट दुचाकीची. इथं डिझेलचा पर्याय नव्हता. इथं इंजिनच लहान करावं लागलं.

लुना, एमएटी आणि शंभर सीसी

१९७२ मध्ये दोन गाड्या आल्या, दोन्ही आपल्याच राज्यातल्या. बजाजची चेतक आकुर्डीतून, कायनेटिकची लुना अहमदनगरमधून. चेतक ही कुटुंबाची गाडी, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. लुना पन्नास सीसीची, पायडल असलेली. चढ आला की पायडल मारायचं. तिला कुणी रुबाबाची गाडी म्हटलं नाही, पण सायकलवरून मोटारीवर येणाऱ्या माणसाला परवडेल अशी ती गाडी होती. ऐंशीच्या दशकात बजाजची एमएटी आली आणि आमच्याकडच्या गवळ्यांनी ती आपली केली. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मध्ये माणूस, हे चित्र पन्हाळा तालुक्यात अजून दिसतं.

आमच्या घरी वडिलांची एक खिशातली वही होती. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती रुपयांचं पेट्रोल. लिटर लिहिलेले नसत, रुपये लिहिलेले असत. त्या काळात बहुतेक लोक पेट्रोल लिटरनं घेतच नव्हते, दहा-वीस रुपयांचं घेत. हे मला महत्त्वाचं वाटतं. अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणतात की गिऱ्हाईक गाडीची किंमत आणि पुढच्या दहा वर्षांचं इंधन यांची बेरीज करून गाडी निवडतं. वहीतला हिशेब तसा नव्हता. तो या आठवड्याचा होता. दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं बिल वर्षानं, आणि मध्ये पेट्रोल रोख. रोख पैशाची ही चणचण जितकी जास्त, तितकं ॲव्हरेजचं महत्त्व जास्त.

या खिशाला १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० नं बरोबर ओळखलं. 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही तिची जाहिरात : टाकी भरा, झाकण लावा, विसरा. तंत्र सोपं होतं. स्कूटर, लुना, एमएटी, यामाहा आरएक्स १०० या सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात नवं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळलेला धूर बाहेर जात असतो, आणि त्या गडबडीत काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये आत येणं आणि बाहेर जाणं वेगवेगळ्या वेळी होतं, म्हणून हे नुकसान टळतं. होंडाची मोटारसायकल फोर-स्ट्रोक होती.

चढाला टू-स्ट्रोक जास्त झटक्यानं ओढते, असं घाटातले लोक म्हणत, आणि ते चूक नव्हतं. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होत असल्यानं त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. पण पन्हाळ्याचा चढ रोज किती जण चढणार? सपाटीवरच्या गावांनी कौल दिला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००० नंतर धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मागं पडल्या. २००९ च्या डिसेंबरमध्ये बजाजनं स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं.

या गोष्टीला एक अपवाद आहे आणि तो विसरून चालणार नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, २००१ मध्ये ॲक्टिव्हा. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. ॲव्हरेजमध्ये त्या शंभर सीसीच्या मोटारसायकलींसमोर टिकत नव्हत्या, तरी खपल्या. कारण त्यांच्या गिऱ्हाइकांत बायका आणि मुली मोठ्या संख्येनं होत्या. साडी नेसून किक मारावी लागणं, गिअर टाकणं, जड गाडी स्टँडवर चढवणं ही अडचण ज्यांना होती त्यांच्यासाठी दहा-वीस किलोमीटरचा फरक दुय्यम होता. 'भारतीय गिऱ्हाइकाला फक्त मायलेज कळतं' असं म्हणणाऱ्यांनी हे गिऱ्हाईक मोजलेलं नसतं.

वडापचा हिशेब

आमच्याकडे वडाप हा शब्द आहे. मीटर नाही, वेळापत्रक नाही, सीटं भरली की निघायचं. जीप, टेम्पो आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेली ट्रॅक्स ही वडापची वाहनं. एसटी जिथं दिवसातून दोनदा जाते तिथं वडाप दिवसभर जातं.

वडापवाल्याला 'काय देती गाडी' विचारलं तर तो लिटरचा आकडा सांगत नाही. तो फेरीचा सांगतो : एका फेरीला डिझेल किती, सीटं किती, हातात उरलं किती. डिझेल वाचवायचे त्याच्याकडे दोन मार्ग असतात. एक, जास्त ॲव्हरेजची गाडी. दुसरा, त्याच गाडीत जास्त माणसं. दुसरा मार्ग फुकटचा आहे. मागच्या दारात लोंबकळणारी माणसं ही सुद्धा इंधनबचतीचीच एक पद्धत, फक्त तिचा धोका प्रवाशांनी उचललेला.

असे धोके सगळीकडे आहेत. स्वस्त पडतं म्हणून रिक्षात रॉकेल मिसळलं गेलं, व्हॅनमध्ये घरगुती गॅसचा सिलिंडर बसवला गेला. शेवटी सरकारला कायदा बदलून वाहनांसाठी वेगळा गॅस द्यावा लागला. आणि घाटात उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडणं हे तर अनेकांना अजून शहाणपण वाटतं.

त्यावर थांबून दोन शब्द सांगतो, कारण पन्हाळ्याला येणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा सल्ला मिळालेला असेल. उतारावर न्यूट्रल टाकलं की इंजिनाची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, लागेनासे होतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडं पेट्रोल तरी वाचायचं. २०२० पासून बीएस-सिक्सच्या नियमांमुळे मोटारसायकलींतही इंजेक्शन आलं. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला की साधारणपणे संगणकच पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे न्यूट्रल मारून पेट्रोल वाचत नाही, उलट थोडं जास्तच जातं, आणि जीव धोक्यात जातो तो वेगळा.

कितना देती है?

२०१० च्या आसपास मारुतीनं आपल्या जिभेवरचाच प्रश्न जाहिरातीत घेतला, 'कितना देती है?'. लोक हसले, कारण त्यात आपण सगळे होतो. त्याच वर्षी जूनमध्ये पेट्रोलचे दर बाजारावर सोडले गेले आणि डिझेलचे नाही. दोन्हींतली दरी वाढत गेली तशी डिझेल मोटारींची मागणीही वाढली. पुण्यात बनणारी टाटा इंडिका १९९८ पासून या वाटेवर होतीच. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले, दरी आटली, आणि एप्रिल २०२० पासून मारुतीनं डिझेल मोटारी बनवणं बंद केलं.

तंत्रज्ञान या दहा वर्षांत उलटं फिरलं नव्हतं. डिझेल इंजिन पूर्वीइतकंच काटकसरी होतं. बदलला तो सरकारी दर आणि धुराचा नियम. म्हणून 'लोकांना डिझेल आवडायचं, आता आवडत नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. आवड पंपावरच्या बोर्डाकडे बघत होती.

दुसरीकडे ॲव्हरेज सुधारलं की काय होतं, हे १८६५ मध्येच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल सांगून ठेवलं आहे : वाफेची इंजिनं काटकसरी झाली तेव्हा कोळसा वाचला नाही, इंजिनं वाढली आणि कोळसा जास्त जळला. शनिवार-रविवारी पन्हाळ्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातली एकेक गाडी वीस वर्षांपूर्वीच्या तिच्या वर्गातल्या गाडीपेक्षा काटकसरी आहे. रांग मात्र लांब झाली आहे, आणि तिच्यात उंच, जड गाड्या वाढल्या आहेत. देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही वर्गातल्या आहेत. इंजिनानं वाचवलेलं पेट्रोल वजनानं खाल्लं.

उसाचं पेट्रोल

आता या इतिहासाचं चालू पान. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा प्रयोग २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाला. एक उत्तर प्रदेशात, दोन महाराष्ट्रात : मनमाड आणि मिरज. मिरज आमच्यापासून दीड-दोन तासांवर. जागा अशी निवडण्याचं कारण उघड आहे, ऊस. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, २०२५ मध्ये वीस.

त्या २०२५ च्या पावसाळ्यात देशभर ओरड झाली की गाडी पूर्वीइतकी देत नाही. ओरडीत अतिशयोक्ती होती, पण मुळाशी भौतिकशास्त्र आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज वीस टक्के मिश्रणानं सहा ते सात टक्क्यांनी आणि दुचाकींचं तीन ते चार टक्क्यांनी घटेल. नव्या रचनेच्या चारचाकींचं एक ते दोन टक्के. बिनमिश्रणाचं पेट्रोल निवडता यावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये फेटाळली.

आमच्या तालुक्यात या वादाला एक वेगळी बाजू आहे. पन्हाळा म्हणजे फक्त गड नव्हे; वारणानगर याच तालुक्यात येतं, आणि तालुक्याचा मोठा भाग उसावर जगतो. साखरेचा भाव पडला तरी इथेनॉलचे पैसे येतात, म्हणून कारखान्याचं बिल वेळेवर निघायला मदत होते. हा फायदा खरा आहे. पण तोच शेतकरी सकाळी दूध घालायला दहा वर्षं जुन्या मोटारसायकलवर जातो, आणि तिचं ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरनं उतरलं तर तो तोटाही खराच. एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून किती गेलं, हा हिशेब त्याच्या वतीनं कुणी करत नाही. ज्याच्याकडे ऊस नाही, फक्त जुनी मोटारसायकल आहे, त्याच्या वहीत तर जमेची बाजूच कोरी.

देशाचं परकी चलन वाचतं, हे मान्य. पण मायलेज ही या देशातल्या गरीब गिऱ्हाइकानं चाळीस-पन्नास वर्षं रेटून मिळवलेली गोष्ट आहे. पर्यावरणाचं नाव न घेता त्यानं कंपन्यांना लहान, हलकी, कमी पिणारी इंजिनं बनवायला लावली. त्यातले चार टक्के काढून घेताना त्याला पंपावर लिहून सांगणं आणि तेवढा दर कमी करणं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता विचारायचं काय?

१९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय वाहनांच्या चाचण्या करते. शोरूममध्ये सांगितला जाणारा आकडा असल्या चाचणीतून येतो : गाडी रोलरवर, ठरलेला वेग, ठरलेले थांबे. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. पण रोलरला घाट नसतो.

इलेक्ट्रिक गाडी आली तसा जुना प्रश्न बदलू लागला आहे. २०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, २०२४ मध्ये लुनाही. पुणे-अहमदनगर मार्गावरच, १ जून २०२२ रोजी, एसटीची पहिली शिवाई धावली. आता लोक विचारतात, "रेंज किती?" म्हणजे देते किती यापेक्षा नेते कुठवर. पुन्हा चढाचं गणित घाला : दोन माणसांसह इलेक्ट्रिक स्कूटरला पन्हाळ्याच्या उंचीपोटी साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते, तीन-चार रुपयांची. पेट्रोलला तिथंच पंधरा-सोळा रुपये. पण तीन युनिटांच्या बॅटरीतला नववा हिस्सा नुसत्या उंचीत संपतो, हे माहितीपत्रकात नसतं. उतरताना मोटर उलटी चालून त्यातला काही भाग बॅटरीत परत भरते. साडेतीनशे वर्षांत पहिल्यांदाच असं वाहन आलं आहे ज्याला हा गड उतरताना काहीतरी परत देतो.

ती गाडी घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. एक मात्र करून बघा, कुठल्याही गाडीवर. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये लिहा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा आणि भागाकार करा. मग त्याखाली आणखी दोन रकाने काढा : किलोमीटरला किती रुपये, आणि गाडीवर माणसं किती. पहिला आकडा कंपनी सांगते. उरलेले दोन आपले आपल्यालाच लिहावे लागतात.